शांतीची सोंगटी

आज सुनेने फणसाच्या आठळ्या भाजल्या आणि त्या वासाने तळ्याकाठचं आमचं जुनं घर आठवलं. तिथे मी तिघी मैत्रिणींना दोन दिवस सोंगट्या खेळायला बोलावलं होतं. त्यातल्या शांतीचा नवरा नुकताच गेला होता. तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही तिच्या सोंगट्या मारायचंच टाळत होतो. दुसऱ्या डावाला तिने कवड्या आपटल्या.

“नवरा गेलाय माझा, अक्कल नाही गेली. नीट खेळा, नाहीतर ही मी निघाले.”

पुढच्याच दानाला मी तिची घराजवळ आलेली सोंगटी मारली.

“मेल्ये, हात झडो तुझा!” म्हणत ती खळखळून हसली.

तेव्हा मला ती उद्धट वाटली. पुढे माझे यजमान गेले, तेव्हा सगळ्या माझ्याशी हळू आवाजात बोलायच्या. शांती आली ती म्हणाली, “ऊठ गो, चहा टाक मला.”

मी उठले.