उशिरा पोचलेला राजपुत्र

इंदोऱ्याच्या बालवाडीत यमुताई गजभिये सत्तर सालापासून परीकथा दुरुस्त करत होत्या. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येला त्यांनी गजराचं घड्याळ देऊन टाकलं. त्यांचा राक्षसही शेवटी कन्हानला गिट्टी फोडून स्वतःचं पोट भरी. मी शेजारच्या शाळेत मास्तर. आमच्या पहिलीत त्यांची मुलं लगेच ओळखू येत. ती रडण्याआधी उपाय शोधत. उपाय बहुधा चुकीचा असे, ही गोष्ट वेगळी.

बालवाडी चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष भैयाजी. स्वावलंबनावर ते तासभर बोलत, पण मधे तहान लागली तर पेला दुसऱ्याने हातात द्यावा लागे. पाच वर्षांचा नातू रविंद्र त्यांच्याच वळणाचा. त्याला घास भरवायला आजी, गोपिकाबाई, रोज बालवाडीत येत.

संमेलनासाठी यमुताईंनी मनोऱ्यात कोंडलेल्या राजकन्येचं नाटक बसवलं. ती लुगड्यांना गाठी मारून आपली आपण खाली उतरते. तालमीला भैयाजी आले.

"आमचा रविंद्र कोण झाला?"

"झाड."

"अध्यक्षाचा नातू झाड? राजपुत्र करा त्याले!"

"या गोष्टीत राजपुत्रच नाही, भैयाजी."

"मंग आणा. नाही तं दुसरी बाई पाहतो मी."

यमुताईंच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी राजपुत्र आणला. गोष्ट मात्र तशीच ठेवली.

संमेलनात पुठ्ठ्याची तलवार घेऊन रविंद्र आला, तेव्हा राजकन्या झालेली प्रेमिला खाली बसून गाठी सोडत होती.

"काहून आला गा?"

"तुले वाचवाले."

"मी उतरली ना! आता आलाच आहे तं हे गाठ सोड. मायले लुगडे वापस द्याचे आहेत."

मांडव हसून कोसळला. रविंद्रने तलवार ठेवली आणि गाठीशी झटू लागला. गोपिकाबाई मदतीला उठल्या.

"तू बस वं आजी! मीच सोडतो!"

शेवटी दातांनी ओढून त्याने गाठ सोडवली. टाळ्यांमध्ये फक्त भैयाजींचे हात नव्हते.

दुसऱ्या दिवशी यमुताईंसाठी रदबदली करायला मी भैयाजींकडे गेलो.

"हसं केलं माह्यं! आजच काढतो तिले," भैयाजी गरजले.

आतून गोपिकाबाई आल्या. "पोरगं सकाळी आपल्या हातानं जेवलं. बाईले काढाचं असन तं काढा. पण मंग उद्यापासून त्याले तुम्हीच भरवा."

नातवाला घास भरवणारे आपण भैयाजींच्या डोळ्यांपुढे आले असावेत.

"राहू द्या बाईले, मास्तर. पण राजपुत्र माह्याच डोक्यातून निघाला, हे लोकायले सांगा."

मी जाऊन यमुताईंना हा निरोप दिला. नोकरी राहिली म्हणून त्यांनी आधी डोळे पुसले.

"सुधरतील हो भैयाजी," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी त्यांनाही काही काम देऊ."

राक्षस सुधारतो, हे मी त्यांचं ऐकून घेतलं होतं. हे मात्र जरा जास्तच होतं.