नदीवाल्या सरांचा खेळ

विद्यापीठातल्या तळमजल्यावरच्या त्या खोलीला आता काचेचं दार बसलंय म्हणे. खेळवाल्या बाईंच्या वेळी तिथं पुठ्ठ्याचा न् डिंकाचा वास असायचा. प्राध्यापकांकडून त्यांच्या विषयाचे खेळ करून घ्यायचे, ही बाईंची नोकरी. निवृत्त झाल्या, तरी दुपारी हात रिकामे राहिले की मन तिथंच जाऊन बसतं.

आणि आठवतात ते नदीवाले सर. नद्या शिकवायचे. एकदा सुरू झाले की पूर आल्यागत. पोरं माना टाकायची. पुढच्या वर्षी पोरं मिळाली नाहीत तर विषयच बंद, असं वरून कळलेलं. सर आले ते तोंड पाडूनच.

"उभी हयात शिकवण्यात गेली, बाई. आता सोंगट्या हलवू?"

"हलवा की. तोंड हलवून बघितलंतच."

खेळ झाला झकास. पटावर नदी, काठानं गावं. वरच्यानं पाणी अडवलं की खालचा कोरडा. पण नियम एवढे, की त्यापेक्षा पुस्तक परवडलं. बाईंनी कात्री लावली. सगळ्याच मास्तरांचं हे दुखणं: काही वगळायचं म्हणजे पोटचं लेकरू टाकल्यागत वाटतं.

खरी गोम पुढंच होती. पोरांना खेळायला बसवलं, तर दर डावाला सर मध्ये. "थांबा, इथं गाळाचं काय होतं सांगतो." डाव तिथंच मेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सरांच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. "तोंडात आहे तोवर बोलायचं नाही. आणि चावायची नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर एव्हाना खेळत असतात."

डाव रंगला. तळच्या गावाची पोरगी कोरडी पडली. वरच्याशी भांडून भागेना, तेव्हा तिनं मधल्या दोघांना आपल्याकडं वळवलं न् तिघांनी मिळून त्याच्याशी पाण्याचा करार केला. नियमांत असलं काही नव्हतंच. सरांचा गाल फुगलेला, कान लाल. बाईंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला.

तेवढ्यात पोरगीच वळली. "सर, खरंच करतात का लोक असले करार?"

त्या वर्गात आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. सरांनी गोळी अख्खी गिळली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"करतात," ते म्हणाले. पुढचं सगळं ओठांवर आलेलं बाईंना दिसत होतं. सरांनी ते आवरलं. "पण तुला कसं सुचलं, ते आधी सांग."

पुढच्या वर्षी एका पटाभोवती पोरं मावेनात, म्हणून बाई दुसरा पट चिकटवायला बसल्या.