पाठीनं ओढायचं

मी बाबांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवत होते आणि माझ्या पाठीत उसण भरली. त्यांना वर ओढता येईना, खाली सोडता येईना. शेवटी आम्ही दोघं हळूहळू घसरत फरशीवर बसलो. मी पलंगाला टेकून, ते माझ्या अंगावर रेलून. दिवसभर त्यांच्याजवळ थांबणाऱ्या मावशी कामावर येईपर्यंत तसेच बसून होतो. बाबा एवढंच म्हणाले, "माह्यं वजन लय आहे, माय."

होतंच. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. यवतमाळहून वणी, तिथून पुढं झरी जामणीकडचे जंगलातले रस्ते, हेच त्यांचं आयुष्य. धिप्पाड माणूस. रिटायर झाल्यावर लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोललेलं समजायचं. आई त्याआधीच वारली होती. भाऊ पुण्याला. मी इथं वणीतल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला, लग्न न केलेली. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ बाबांना उठवणं, बसवणं, संडासाला नेणं माझ्याकडे आलं, आणि त्यात कुणाला काही विचारायचं नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्या पाठीचा एक्स-रे पाहून सांगितलं, हाड चांगलं आहे, पाठीत ताकद नाही. दुखणं कमी झाल्यावर मी घराजवळच्या जिममध्ये गेले. ती एका कृषी केंद्राच्या वर होती. जिन्यात फवारणीच्या औषधाचा वास भरलेला असायचा. संध्याकाळी तिथं काही बायका यायच्या, त्या ट्रेडमिलवर चालायच्या. ट्रेनरनं मलाही तिकडंच वळवलं. मी म्हटलं, "मला बारीक नाही व्हायचं. माझ्या वडिलांना उचलायचं आहे."

तो हसला नाही. वडिलांना कसं उचलता, ते त्यानं मला करून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं: पलंगाच्या कडेला बसवायचं, त्यांच्या गुडघ्यांना माझे गुडघे लावायचे, पाठीमागून हात घालून त्यांना आपल्याकडे ओढायचं आणि वळायचं. तो म्हणाला, "ताई, मग तुमाले रोइंग शिकावं लागन."

रोइंग म्हणजे कमरेतून वाकून उभं राहायचं आणि लोखंडी दांडा पोटाकडे ओढायचा. बघायला सोपं. सुरुवातीला त्यानं दांडा दिलाच नाही, झाडूची काठी दिली. भिंतीकडे पाठ करून, कुल्ले मागं नेत भिंतीला लावायचे, पण पाठ वाकवायची नाही. मी प्रत्येक वेळी पाठच वाकवायची. कितीतरी दिवस मी ऑफिसातून येऊन भिंतीला कुल्ले लावत उभी राहिले. ट्रेडमिलवरच्या बायका बघायच्या. मला लाज वाटेनाशी झाली होती.

मग दांडा आला, मग छोट्या प्लेटा. वजन वाढलं की माझं सगळं बिघडायचं. मी झटका द्यायची, मान ताणायची, दंड भरून यायचे आणि पाठीला काहीच कळायचं नाही. ट्रेनर मुकाट्यानं प्लेटा काढून ठेवायचा. "तुमी हातानं ओढून राह्यल्या," तो म्हणायचा. "हात नुसते दोर समजा. कोपर मागं न्या. पाठीनं ओढा." एका संध्याकाळी त्यानं मला दांडा पोटाशी धरून थोडं थांबायला लावलं, आणि तिथं, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, काहीतरी आवळलं गेलं. इतकी वर्षं माझ्या अंगात असलेली जागा मला तेव्हा पहिल्यांदा जाणवली. खाली ठेवताना मी दांडा आदळला नाही. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्याकडे गेला.

त्यानंतर प्लेटा वाढत गेल्या. घरीही फरक पडला. बाबांना उठवताना दम लागेना. मी त्यांना एका दमात ओढून घ्यायची, वळायची आणि खुर्चीत ठेवायची. पाठ शेकायची रबरी पिशवी कपाटात गेली. वाटलं, जमलं.

पण त्यांना अंघोळ घालताना एकदा हाताला फासळ्या लागल्या. पायजम्याची नाडी किती ओढली तरी कापड गोळा होऊन राहत होतं. मी मावशींना विचारलं, दुपारी काय जेवतात. मावशी भांडी घासत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. "अर्धी पोळी खाते. बाकीची मले कुत्र्याले टाकायले लावते. तुमाले सांगू नका म्हणे."

मी बाबांजवळ जाऊन बसले. "काहून जेवत नाही तुम्ही?"

"भूक नाही लागून राह्यली."

"मावशींनी सांगितलं मले."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तू पाठ शेकत होती, ते पाह्यलं ना मी. हलका झालो तं तुले सोपं जाईन."

मी उठले. व्हरांड्यात भरलेला गॅस सिलिंडर होता. तो त्यांच्या पलंगासमोर आणला, पाय रोवले, कुल्ले मागं नेले, दोन्ही हातांनी त्याची कडी धरून उचलला आणि पोटाशी धरून उभी राहिले. म्हटलं, "पाहा. दुखते का मले? तुम्ही जेवा. जेवढं व्हायचं तेवढं वजन होऊ द्या."

"ठेव खाली," ते घाबरून म्हणाले. "ठेव, माय. जेवतो मी."

त्या दिवशी ते पूर्ण पोळी आणि वरण जेवले. दुसऱ्या दिवशीही. पण त्यांची भूक खरंच मोडली होती. घास तोंडात फिरत राहायचा, गिळताना ठसका लागायचा. मी खिचडी पातळ करत गेले, मग पेज. जिममध्ये माझा दांडा जड होत होता, आणि घरी बाबांचं वजन हाताला लागेनासं होत होतं. शेवटी शेवटी त्यांना उचलायला कसलं तंत्रही लागत नव्हतं. लहान लेकराला घ्यावं तसं घेता यायचं. ते डोळे मिटून घ्यायचे. कापूस फुटायच्या दिवसांत त्यांना दुसरा झटका आला आणि ते गेले.

पुढं बरेच दिवस मी जिमला गेले नाही. चाकाची खुर्ची दारामागे होती. मावशींच्या ओळखीनं राजूरहून एक बाई ती न्यायला आली. तिचा नवरा कोळसा खाणीत कामाला होता, त्यालाही लकवा मारला होता. माझ्यापेक्षा लहान असेल ती. ऑटोवाल्याला बाहेर थांबवून आली होती. खुर्ची उघडून, मिटून पाहिली आणि मग दारातच रेंगाळली.

"ताई, तुमी एकट्याच उचलत होत्या बाबाले?"

"हो."

"माह्याच्यानं नाही होत. कंबर जाते."

मी तिला बाबांच्या पलंगावर बसायला सांगितलं. अंग सैल सोडा, काही मदत करू नका, म्हटलं. तिच्या गुडघ्यांना गुडघे लावले, पाठीमागून हात घातले आणि ओढून उभी केली. बऱ्याच दिवसांनी हातात एवढं भरलेलं अंग आलं होतं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. तिला खुर्चीत ठेवलं तरी मला हात लगेच सोडवेनात.

मग मी पलंगावर बसले आणि म्हटलं, "आता मला उचला."

ती संकोचली. मग वाकली, माझ्या पाठीमागं हात घातले. तिची पाठ गोल झाली होती, मान ताणली होती, सगळं हातानं चाललं होतं. तरी मी पलंगावरून थोडी वर उठले. कुणी मला असं धरून किती वर्षं झाली, ते मला आठवेना. तिला दम लागला आणि तिनं मला खाली सोडलं.

"कुल्ले मागं न्या," मी म्हटलं. "पुन्हा एकदा."