मामाच्या पाठीमागची वाळवी

मला बघायला मंडळी यायची होती, त्याच्या नेमक्या आदल्या आठवड्यात आमच्या गोरखपुरातल्या घराला वाळवी लागली. बैठकीच्या भिंतीवर मातीची एक बोटभर रुंद रेघ उमटली. फरशीपासून निघून ती थेट शोकेसच्या फळीत शिरत होती. हे शोकेस बाबांनी त्यांच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या लिलावातल्या लाकडी खोक्यांपासून करवून घेतलं होतं, आणि त्याला शंभर वर्षं काही होणार नाही असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणकावून सांगत. वाळवीला हे कोणी सांगितलं नसावं.

आईनं ती रेघ तीनदा पुसली आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ती परत हजर. आई रडकुंडीला आली. "लोक काय म्हणतील? घर पोखरून राहिलं, आणि हे पोरीचं लग्न करून राहिले!"

हा माझा दहावा कार्यक्रम होता. मी एकतीस वर्षांची होते. हा जमला नाही तर यापुढे साडी नेसून कोणासमोर बसणार नाही, असं मी घरात जाहीर केलं होतं. ते मी रागानं बोलले होते. खरं सांगायचं तर हा जमावा असं मला फार वाटत होतं, आणि असं वाटतंय याचाच मला जास्त राग येत होता.

आईनं अखेर मामाला बोलावलं. मामा अंगानं चांगला ऐसपैस. त्याला त्या रेघेसमोर स्टूल टाकून बसवलं आणि बजावलं, "काहीही झालं तरी उठायचं नाही. छत पडलं तरी नाही."

मामानं ते फारच मनावर घेतलं. मंडळी आली, सगळे उठून उभे राहिले, मामा बसूनच राहिला. मुलाच्या आईनं नमस्कार केला तर यानं बसल्या बसल्या हात जोडले. बाईंच्या कपाळावर आठी पडली. "भैयाजींची तब्येत बरी नाही का?" त्यांनी विचारलं. "गुडघे," आई म्हणाली.

मुलगा जंगलांच्या संशोधनाच्या सरकारी कामावर होता, एवढंच आम्हाला माहीत होतं. कसलं संशोधन, हे विचारलं की त्याची आई पेन्शनवर बोलू लागायची. तो स्वतः तर काहीच बोलत नव्हता. पोहे छान झालेत का? हो. प्रवासाची आवड आहे का? नाही. हा शुद्ध माठ आहे, असं मी चहा देता देता ठरवून टाकलं.

तेवढ्यात त्याची नजर मामाच्या कानाच्या बाजूनं भिंतीवर गेली आणि माठात एकदम जीव आला.

"मामा, जरा सरकता का?"

"नाही," मामा म्हणाला. "मला इथून हलू नको म्हणून सांगितलं आहे."

आईनं डोळे मिटून घेतले. मुलगा मात्र मामाच्या मागे सरळ गुडघ्यांवर बसला, पोह्यांच्या चमच्यानं मातीची खपली काढली आणि खिशातून भिंग बाहेर काढलं. मुलगी बघायला येताना खिशात भिंग!

"वा!" तो म्हणाला. "ओडोंटोटर्मिस ओबेसस दिसून राहिली. शिपाई, म्हणजे राखण करणारा किडा, सापडला म्हणून कळलं, नुसत्या कामकऱ्यांवरून ओळखणं कठीण."

"म्हणजे मुंग्यांचाच प्रकार ना?" बाबांनी विचारलं.

"मुंग्यांशी काही संबंध नाही. वाळवी झुरळांच्या गणात मोडते."

"आमच्या घरात झुरळं नाहीत हो!" आई कळवळून म्हणाली.

पण आता त्याला आवरणं कोणाच्या हातात नव्हतं. गण झुरळांचा, कुळ टर्मिटिडी, त्यातलं उपकुळ बुरशीची शेती करणाऱ्यांचं. वारुळात यांचे बुरशीचे मळे असतात म्हणे. शिपायाला डोळे नाहीत, डोकं अंडाकृती आणि पिवळट तपकिरी, बाकी अंग फिकट. जबडे विळ्यासारखे, आणि डाव्या जबड्यावर मध्ये ठळक एक दात. उजव्यावर तसा दिसत नाही.

बाबांनी सगळी नोकरी फॅक्टरीत तपासणी करण्यात घालवली. ते चष्मा लावून वाकले. "डावा-उजवा सारखा नाही? मग हा पीस रिजेक्ट."

"या जबड्यांमुळे त्याला स्वतः खाता येत नाही. कामकरी भरवतात."

"असा एक आमच्याकडे पण आहे," आई बाबांकडे बघत म्हणाली.

मी केव्हा खाली बसले ते मला कळलं नाही. त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. शिपाई चमच्याच्या कडेला चावत होता, आणि ते इवलंसं डोकं रागानं हलताना बघून मला मोठ्यानं हसू आलं.

वर खुर्चीत त्याच्या आईचा बांध फुटला. "घरून निघताना शपथ घातली होती, की किड्यांचं नाव काढायचं नाही! सहा मुली हातच्या गेल्या याच्या या दीमकपायी, या वाळवीपायी."

"अहो, आम्ही तर ती लपवायला भावाला बसवलं," आई बोलून गेली.

मामानं विचारलं, "आता उठू का?"

मग बाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "बरं, आम्ही कळवतो." हे शब्द मी नऊ वेळा ऐकले होते. नऊ वेळा माझा रंग, उंची, चाल लोकांनी निरखली होती आणि मी मान खाली घालून बसले होते. त्या दुपारी मात्र मला कोणी बघत नव्हतं, मीच काहीतरी बघत होते. मला फार बरं वाटत होतं, आणि ते सोडायची माझी अजिबात तयारी नव्हती.

"कळवायचं काय त्यात?" मी फरशीवरूनच म्हणाले. "माझ्याकडून हो आहे."

त्यानं वर पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"सॉरी," तो म्हणाला, "तुमचं नाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.