जुनी डिझाइन्स आणि भरलेला सर्व्हर

“जुनी डिझाइन्स उडवा की, मॅडम. सगळ्यात मोठं फोल्डर तेच हाय.”

टॉवेल कारखान्याचे मालक माझ्या खुर्चीमागे उभे होते; तिथले कॉम्प्युटर मी सांभाळते. सर्व्हर भरला होता आणि एक्स्पोर्ट ऑर्डरच्या टॉवेलचे फोटो चार वाजता यायचे होते. नवी डिस्क यायला दोन दिवस होते. शेजारच्या टेबलावर आमचे डिझायनर अंबादासकाका. त्या फोल्डरमध्ये त्यांचं वीस वर्षांचं काम होतं, दुसरी कॉपी कुठेच नव्हती. त्यांनी मान वर केली नाही, पण माउस थांबला.

“कॉम्प्रेशन लावून बघू?” मी विचारलं. म्हणजे सर्व्हर फाइल कमी जागेत दाबून लिहितो आणि उघडताना पूर्ववत करतो.

“बघा. पण चारला जागा पायजे.”

मी ते सुरू केलं. एक जीबीही मोकळा झाला नाही. मग आठवलं, ते फक्त नव्याने लिहिलेल्या फाइल्सना लागू होतं. जुन्या पुन्हा लिहाव्या, म्हणजे कॉपी करून नव्याने साठवाव्या लागतात.

कॅटलॉगच्या फोटोंचं एक फोल्डर पुन्हा लिहिलं. जवळजवळ काहीच वाचलं नाही. फोटो आधीच दाबलेले असतात.

“काय बी व्हईना की!” मालक येरझाऱ्या घालत होते.

मग काकांचं एक फोल्डर घेतलं. जॅकार्डचं, म्हणजे मागावर कापडातच विणायच्या नक्षीचं डिझाइन हे ठिपक्यांचं चित्र असतं. सलग तीनशे लाल ठिपके असतील, तर ‘लाल, तीनशे वेळा’ एवढं लिहून भागतं. दहा जीबी एका जीबीत बसले.

“एक ठिपका गेला तरी विणीत चूक दिसती, पोरी,” काका पहिल्यांदाच बोलले. “उघड बघू.”

मी फाइल तपासली होती, तरी उघडली. त्यांनी डिझाइनमधल्या मोराची शेपूट स्क्रीनवर मोठी करून बोटाने ठिपके मोजले. तीन वाजून गेले होते.

“बराबर हाय.”

नवी कॉपी होईपर्यंत जुनीही ठेवावी लागते आणि जागा कमी, म्हणून एकेक फोल्डर पुन्हा लिहीत गेले. पावणेचारला पुरेशी जागा झाली. फोटो आले. ते दबले नाहीत, पण मावले.

“मग आता न दबणारं सगळ्यात मोठं काय हाय? ते उडवा,” मालक म्हणाले.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ होता.

“ते ऱ्हाऊ द्या,” म्हणत ते केबिनमध्ये गेले.

तेव्हापासून काही उडवायला सांगितलं, की ते दाबून किती जागा सुटेल हे मी आधी मोजते. आणि ते कुणाचं आहे, तेही बघते.