तीन टप्पे

लोटन नानांनी धुळे डेपोत तीस वर्षं कंडक्टरकी केली. निवृत्तीनंतर ते जळगावला, मेहरूणमध्ये मुलाकडे राहायला आले आणि भूमिकानं, म्हणजे सुनेनं, त्यांना फोनवर मराठी लिहायला शिकवलं. नानांनी पहिलं काय लिहिलं असेल, तर आपलं गाव. नदी, मारुतीचं देऊळ, मंगळवारचा बाजार, आणि अगदी सुरुवातीला, 'धुळ्यापासून अठरा किलोमीटर'. तोच मजकूर त्यांनी फेसबुकवर टाकला आणि विकिपीडियावरही.

फेसबुकवर दोनशे बारा अंगठे आले, त्यातले निम्मे गावातलेच. विकिपीडियावर आठवडाभर चिटपाखरूही फिरकलं नाही. मग कुणी अनोळखी माणूस आला, त्यानं अठराचे सोळा केले आणि ना ओळख ना पाळख, निघूनही गेला.

नानांचं डोकं फिरलं. त्या रस्त्यावर त्यांनी जन्म काढला होता. तिकिटाच्या हिशेबात गाव तीन टप्प्यांवर, सहा किलोमीटरचा एक टप्पा. सहा त्रिक अठरा.

दुसऱ्या दिवशी ते धुळ्याला गेले, गावची बस धरली आणि खिडकीतून किलोमीटरचे दगड मोजत बसले. गाव सोळाव्या दगडावरच आलं. तिसरा टप्पा संपत होता तो गावाच्या दोन किलोमीटर पुढं. तीस वर्षं तिकीट तिथवरचं फाडलं, म्हणून गावही तिथवर सरकलं होतं.

घरी आल्यावर नानांनी दगडांचा हिशेब सांगितला, तेव्हा भूमिकानं विचारलं, "नाना, फेसबुकवरचं पण दुरुस्त करू का?"

नानांनी ते दोनशे बारा अंगठे पुन्हा एकदा पाहिले.

"राहू दे. वाचनारा तो विकिपीडियावाला एकच. आठे फेसबुकवर दोनशे बारा, बठ्ठा अंगठेबहाद्दर शेतस."