डाळिंबी शालू

चोपड्याच्या उखर्डूनाना रंगाऱ्यांनी तीस वर्षं सोड्याच्या पाण्यात हात बुडवून सुती लुगडी रंगवली. रेशीम वर्षातून दोन-चारदाच यायचं, पण त्याला ते सोड्याचा थेंब लागू देत नसत. "रेशीम सोड्यामा मरस," हे शेजारच्या मला, शिंप्याला, त्यांनीच शिकवलेलं.

अठ्ठ्याऐंशी साली शेवंताबाईंनी आपला लग्नातला विटलेला शालू आणला. लेकीला त्यातच बोहल्यावर उभी करायची होती. नानांनी त्याला डाळिंबी रंग असा चढवला की मी मशीन थांबवून बघत राहिलो. नाना मात्र पदर चिमटीत चोळत म्हणाले, "खरबरीत लागस."

मग झटापट सुरू झाली. विहिरीचं पाणी जड, म्हणून तापीचं आणवलं. लिंबू पिळून खंगाळलं. सावलीत वाळवलं. तरी खरबरीतच! नानांना जेवण जाईना. शेवंताबाईंना तोंड कसं दाखवू, एवढंच म्हणायचे. मला फुकटचे सल्ले द्यायची भारी खोड. "रंग आत साचला असेल, हलक्या सोड्यात एक उकळी द्या," मी बसल्या जागेवरून ठोकून दिलं. एरवी त्यांनी मला हाकललं असतं. पण उपाय संपले होते. त्यांनी उकळी दिली.

वाळलेल्या शालूची घडी घालायला त्यांची बायको प्रमिलाबाई आली आणि ओरडलीच, "हाई काय करं तुम्ही? काल तं किती मऊ व्हता!"

"काल बी असाच व्हता," नाना म्हणाले. तिनं आपली जुनी रेशमी चोळी आणून त्यांच्या हातात दिली. नानांनी बोटं फिरवली. गोणपाट! मग चोळी गालाला लावली. ती मऊ होती. शालूही गालाला लावून पाहिला. तो आता खरोखरच टोचत होता. मग त्यांनी आपले भेगाळलेले, घट्टे पडलेले तळवे उलटसुलट करून पाहिले.

"माना हातच गयात," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच दिवस तो शालू माझ्या दुकानासमोरच्या दोरीवर होता. मी शिंपी, दिवसभर कापडच चाचपतो. उठून एकदा हात लावायला काय झालं होतं मला?

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई लेकीला घेऊनच आल्या. नानांनी हात पाठीमागे घेतले. "तूच दी दे, भाऊ," मला म्हणाले.

मी घडी पुढे केली. रंग बघून शेवंताबाई हरखल्या आणि त्यांनी कौतुकानं पदर लेकीच्या गालाला लावला.